बालवाडीच्या दारात रोज भेटणारी कुटुंबे एकमेकांची कशी होतात?

अंगणवेल (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि गेले सात महिने ती एका बालशिक्षण केंद्रात जाते. तिचे तिथे छान जमले आहे. घरी आल्यावर ती चार-पाच मुलांची नावे घेऊन दिवसभराच्या हकिकती सांगते आणि त्या मुलांच्या बाहुल्यांची नावेदेखील आता मला पाठ झाली आहेत. परवा तिने एका मैत्रिणीला घरी बोलावण्याचा हट्ट धरला, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या मैत्रिणीच्या आईला मी रोज सकाळी पाहते, आम्ही एकमेकींकडे बघून हसतो, पण तिचे नाव मला ठाऊक नाही. सात महिन्यांत आम्ही एकमेकींशी एक पूर्ण वाक्यही बोललेलो नाही.

केंद्राविषयी माझी तक्रार नाही. वर्षातून दोन मोठे कार्यक्रम होतात, पालकसभाही होतात. परंतु कार्यक्रमात प्रत्येक जण आपल्या मुलाचे छायाचित्र काढण्यात गुंतलेला असतो आणि पालकसभेत सगळ्या खुर्च्या शिक्षिकांकडे तोंड करून मांडलेल्या असल्यामुळे पालकांना एकमेकांच्या पाठी तेवढ्या दिसतात. आम्ही इथे नव्याने राहायला आलो आहोत, जवळचे नातेवाईक दूर आहेत, आणि मूल आजारी पडले किंवा मला यायला उशीर झाला तर कोणाला फोन करावा, हा प्रश्न मला रात्री झोपताना छळतो.

बालवाडीतल्या कुटुंबांमध्ये ओळख, मग मैत्री आणि पुढे एकमेकांना धरून राहणारा समूह कसा घडतो? तो आपोआप घडतो आणि मीच अधीर झाले आहे का? केंद्राने काय करायचे आणि पालकांनी काय? कृपया स्वतःचे अनुभव सविस्तर लिहावेत.

रानवाट

अधीर होऊ नका, पण नुसती वाट पाहूनही चालणार नाही, हे मी हिशेबाने सांगतो. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले आहे की तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणता यावे इतके नाते जुळायला सुमारे 90 तास आणि जिवलग मैत्रीला 200 तासांहून अधिक. आता बालवाडीच्या दारात दोन पालक रोज पाच मिनिटे भेटतात असे धरले, तर पहिल्या 50 तासांसाठी 600 दिवस लागतील. सुट्ट्या वगळल्या तर तोवर मुले पहिलीच्या वर्गात गेलेली असतील. म्हणजे दारातल्या पाच मिनिटांवर सगळे सोपवता येत नाही.

पाटीपेन्सिल

मी 19 वर्षे बालवाडीत शिकवते आहे. रानवाट यांचा हिशेब मला पटला, पण त्या पाच मिनिटांना कमी लेखू नये असे मनापासून वाटते, कारण ती पाच मिनिटे कशी जातात यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आमच्याकडे पूर्वी सुटण्याच्या वेळी पालक फाटकाबाहेर उभे राहत, आम्ही एकेका मुलाचे नाव पुकारत असू आणि मूल हातात आले की पालक निघून जात. शिस्त उत्तम होती, पण त्यात माणसांना थांबायला कारणच नव्हते. चार वर्षांपूर्वी आम्ही सुटण्याच्या आधी 20 मिनिटे अंगण उघडायला सुरुवात केली. पालक आत येतात, मूल त्यांना हाताला धरून आपले चित्र किंवा ठोकळ्यांचा मनोरा दाखवायला नेते. मातीच्या हौदाभोवती आम्ही बसण्याजोगे बुटके बाक मुद्दाम ठेवले, कारण उभा माणूस निघण्याच्या तयारीत असतो आणि बसलेला माणूस बोलतो.

दुसरी गोष्ट मी स्वतः शिकले. दोन पालकांना जवळ आणून 'तुमची ओळख करून देते' असे म्हटले की दोघेही अवघडतात. त्याऐवजी मी सांगते, "आज तुमच्या मुलाने आणि यांच्या मुलीने मिळून अर्धा तास एका गोगलगायीच्या मागे घालवला." एवढे बोलून मी बाजूला होते. पुढचे बोलणे ती गोगलगाय घडवून आणते. दिवसभरात कोणते मूल कोणाबरोबर रमले, हे फक्त शिक्षिकेला माहीत असते, आणि ती माहिती योग्य दोन माणसांच्या हाती देणे हे मी माझ्या कामाचाच भाग मानते.

संदर्भवही

पाटीपेन्सिल यांच्या अनुभवाला आधार देणारे संशोधन आहे. मारिओ स्मॉल या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील बालसंगोपन केंद्रांत येणाऱ्या मातांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये ग्रंथरूपाने आले. या माता तिथे मैत्री करायला आल्या नव्हत्या, मूल सांभाळले जावे म्हणून आल्या होत्या. तरीही अनेकींना तिथे मैत्रिणी मिळाल्या. हे सगळ्या केंद्रांत सारखे घडले नाही, आणि स्मॉल यांचा भर नेमका यावर आहे की फरक मातांच्या स्वभावापेक्षा केंद्राच्या व्यवस्थेमुळे पडत होता. जिथे मुलांना आणण्या-नेण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या, जिथे पालकांना सहलींत सोबत जावे लागे, निधी उभारण्यासाठी किंवा समितीत एकत्र काम करावे लागे, तिथे ओळखी वाढल्या.

याच्याही आधी, 1950 मध्ये, लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांची घरे जिन्याजवळ किंवा टपालपेट्यांजवळ होती, त्यांच्या ओळखी अधिक होत्या, कारण सगळ्यांची पावले तिथून जात. अंगणवेल, तुमच्या केंद्रात सगळ्यांची पावले जिथून जातात अशी जागा कोणती आहे, आणि तिथे थांबता येते का, हे आधी पाहा.

तिसरी_पाळी

वरचे सगळे वाचून मला थोडे वाईट वाटले, म्हणून लिहिते. मी पाळ्यांमध्ये काम करते. मुलाला सकाळी सातला सोडते तेव्हा अंगण रिकामे असते आणि त्याला न्यायला माझी आई जाते. ठरलेल्या वेळांमुळे ज्यांच्या भेटी होतात, त्यांच्या होतात. ज्यांची वेळ जुळत नाही ते कायमचे बाहेर राहतात. वर्षभरानंतर मी पहिल्यांदा एका कार्यक्रमाला गेले, तेव्हा बाकीचे पालक एकमेकांना नावाने हाक मारत होते आणि मी भिंतीशी उभी होते. कोणी वाईट वागले नाही. कोणाला मी कोण हेच माहीत नव्हते. ज्या कुटुंबाला आधाराची सर्वांत अधिक गरज असते, तेच कुटुंब बहुधा त्या 20 मिनिटांत हजर राहू शकत नाही, याचा विचार व्यवस्थेत कुठे आहे?

पाटीपेन्सिल

तिसरी_पाळी, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि आम्हाला तो उशिरा सुचला, हे मी मान्य करते. आम्ही नंतर एक जाड वही सुरू केली. ती दर आठवड्याला एका कुटुंबाच्या घरी जाते. प्रत्येक कुटुंब दोन पाने लिहिते किंवा चित्रे काढते: घरात कोण कोण आहे, मुलाला कशाची भीती वाटते, पालकांना काय करायला आवडते, कोणत्या कामात ते इतरांना मदत करू शकतात. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांची पाने ते सांगतात तशी आम्ही लिहितो. रात्रपाळीवर असणाऱ्या एका वडिलांनी ती वही पहाटे घरी आल्यावर वाचली आणि दुसऱ्या दिवशी एका कुटुंबाला चिठ्ठी पाठवली की त्यांची सायकल दुरुस्त करून देता येईल. दोघांची प्रत्यक्ष भेट त्यानंतर महिन्याभराने झाली, पण ओळख आधीच झालेली होती.

आजीचा_बटवा

तिसरी_पाळी यांच्या आईच्या जागी मी आहे, म्हणून त्या बाजूचे लिहिते. नातवाला आणायला रोज मी जाते. त्या बाकावर माझ्यासारखे आणखी दोन आजोबा आणि एक मावशी बसतात आणि आमची चांगली गट्टी जमली आहे. मात्र केंद्राच्या सूचना आई-वडिलांच्या मोबाइलवर जातात, सभेचे बोलावणे आई-वडिलांना असते, आणि आम्ही जणू मुलांना उचलून नेणारे हात आहोत असे आम्हाला वाटू लागते. मागच्या वर्षी माझा पाय मुरगळला, तेव्हा त्यांतल्या एका आजोबांनी दोन आठवडे नातवाला घरी आणून सोडले. त्यासाठी आधी मुलीने केंद्राला लेखी परवानगी द्यावी लागली, आणि ते योग्यच होते. तेव्हा तिला कळले की आईने बाकावर बसून केलेल्या गप्पांमधून घरासाठी केवढा मोठा आधार उभा राहिला आहे. 'पालक' या शब्दात जो मुलाचा हात धरून येतो त्याला धरा, एवढेच माझे सांगणे आहे.

दीपस्तंभ

आजींच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. मी मुलीला एकटा वाढवतो. आमच्या वर्गाच्या मोबाइलवरील गटाचे नावच 'आयांचा गट' असे होते. नाव बदला म्हणायचा मला संकोच वाटत असे आणि गप्पा सुरू असताना मी जवळ गेलो की विषय बदले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, पण मी तीन महिने मुलीला आत सोडून मान खाली घालून निघत असे.

बदल एका मोडक्या घसरगुंडीमुळे झाला. केंद्राने एका सुट्टीच्या दिवशी सामान दुरुस्तीसाठी येऊ शकणाऱ्यांना बोलावले. मला रंधा मारता येतो. दोन आया घासकागदाने फळ्या घासत होत्या, मी कडा गुळगुळीत करत होतो, आणि चार तासांत आम्ही मुलांच्या झोपेपासून स्वतःच्या आई-वडिलांच्या आजारपणापर्यंत सगळे बोललो. समोरासमोर बसून 'आता बोला' असे म्हटले असते तर मी चार वाक्येही बोललो नसतो. हातात काम असले की नजर चुकवायची गरज राहत नाही. रानवाट यांच्या हिशेबात ते चार तास म्हणजे दारातले 48 दिवस होतात.

हिशेबनीस

मला इथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. सुट्टीच्या दिवशी दुरुस्ती, समित्या, निधी, सहलींची सोबत, हे सगळे ऐकायला सुंदर आहे, पण प्रत्यक्षात हे बिनपगारी काम कोणाच्या अंगावर पडते? बहुतेक वेळा आयांच्या, आणि त्यांतही ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही त्यांच्या. मूल दिवसभर सुरक्षित राहावे आणि शिकावे म्हणून आपण केंद्राचे शुल्क भरतो. मैत्री ही सक्तीच्या सहभागातून येऊ नये. एका केंद्रात काम न करणाऱ्या पालकांची नावे फलकावर लावलेली मी पाहिली आहेत, आणि त्या फलकाने जेवढी माणसे दुरावली तेवढी कोणत्याही कार्यक्रमाने जवळ आली नसतील.

मातीचे_घर

फलकाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. परंतु शुल्क भरणारे ग्राहक आणि सेवा देणारे केंद्र एवढेच नाते मानले तर आपण फार काही गमावतो, असे मला वाटते, कारण बालशिक्षणाच्या इतिहासातली काही उत्तम केंद्रे पालकांच्या एकत्र येण्यातूनच जन्माला आली आहेत.

इटलीतील रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या गावात 1945 मध्ये, युद्ध संपल्यावर काही दिवसांतच, लोकांनी स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधायला घेतली. जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेला पैसा त्यांच्याकडे होता आणि विटा पडक्या घरांच्या होत्या. ही बातमी ऐकून लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक सायकलवरून तिथे गेला आणि पुढे त्याने आयुष्यभर याच कामाला वाहून घेतले. न्यूझीलंडमध्ये 1941 साली, पुरुष युद्धावर गेलेले असताना, मातांनी वेलिंग्टनमध्ये 'प्लेसेंटर' नावाचे बालकेंद्र सुरू केले, आणि ही केंद्रे आजही मुख्यतः पालक मिळून चालवतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीपर्यंत येऊ शकत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. घरातली माणसे काम करता करता समोरच आपल्या मुलांचे शिकणे पाहत, आणि शिक्षण हा त्या सगळ्या अंगणाचा विषय होई.

श्रमाबद्दल म्हणाल तर सहभाग म्हणजे केवळ झाडलोट आणि रंगकाम नव्हे. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील लहान मुलांसाठी 1965 मध्ये सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट' कार्यक्रमाच्या धोरण समितीत बहुमत पालकांचे असावे लागते. निर्णयात वाटा मिळाला की माणूस त्या जागेला आपली म्हणू लागतो, आणि आपली म्हटलेल्या जागेतली माणसेही हळूहळू आपली होतात.

हिशेबनीस

निर्णयात वाटा हा मुद्दा मला मान्य आहे. ज्याला येणे जमत नाही त्याला कमीपणा वाटू नये, एवढी काळजी घेतली तर माझा विरोध राहणार नाही.

निःशब्द

हा धागा मी चार दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही हे ठरत नव्हते.

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना चावत असे. त्या वयात शब्द अपुरे असतात, खेळणे हिसकावले गेले की राग अंगातून बाहेर पडतो, आणि बहुतेक मुलांचे चावणे बोलणे वाढले की थांबते, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मी फक्त घाबरलेली होते. एका दुपारी त्याने एका मुलीच्या दंडावर चावा घेतला. संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवरील गटात त्या दंडाचे छायाचित्र आले आणि त्याखाली माझ्या मुलाचे नाव. पुढच्या तासाभरात 17 संदेश आले. कोणी म्हणाले की अशा मुलाला वेगळे बसवा, कोणी घरातल्या संस्कारांविषयी लिहिले. मी त्याच गटात होते आणि हे सगळे मला वाचता येत होते, हे जणू कोणाच्या लक्षातच नव्हते. दुसऱ्या दिवशी दारातले हसणे बंद झाले. आम्ही महिन्याभरात ते केंद्र सोडले.

समूह घडवा असे आपण सगळे म्हणतो आहोत, पण समूह घडला की त्याच्या हाती दुखावण्याचे बळही येते, हे विसरू नये. आता आम्ही ज्या केंद्रात आहोत तिथे गटाचे नियम पहिल्याच दिवशी सांगितले जातात. गटात कोणत्याही मुलाचे नाव घेऊन तक्रार करायची नाही, दुसऱ्याच्या मुलाचे छायाचित्र त्या पालकांना विचारल्याशिवाय टाकायचे नाही, आणि मुलांमध्ये काही घडले तर आधी शिक्षिकेशी बोलायचे. इथेही एकदा माझ्या मुलाने एकाला ढकलले. शिक्षिकांनी दोन्ही घरी स्वतंत्रपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाची आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माझा मोठा मुलगाही असाच होता, तुम्ही झोपला होतात ना रात्री?" आज ती माझी सर्वांत जवळची मैत्रीण आहे.

तिसरी_पाळी

निःशब्द, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत.

उंबरठा

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपण धरून चाललो आहोत की मुलांची मैत्री होते आणि तिच्या आधाराने पालकांची होते. माझ्या मुलाला ऐकू कमी येते आणि तो फार थोडे बोलतो. 'आज तुमचा मुलगा कोणाबरोबर खेळला' या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे बरेच दिवस 'एकटाच' असे होते. मग त्याच्या पालकांनी कोणाच्या दाराशी जायचे? वाढदिवसाची निमंत्रणे त्याच्या दप्तरात कधी आली नाहीत. ती वर्गात इतर मुलांच्या दप्तरांत ठेवली जात आणि तो ते पाहत असे, हे मला नंतर समजले.

मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदवले, त्यांत शेजारी-शेजारी बसून आपापला खेळ खेळणे हाही एक प्रकार आहे. मुले एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकमेकांजवळ असतात. आमच्या मुलाच्या शिक्षिकेने हे ओळखले. वाळूत त्याच्या बाजूला रोज एकच मुलगी बसते, एवढे तिने आम्हाला आणि त्या मुलीच्या घरच्यांना सांगितले. त्या कुटुंबाने चार खुणा शिकून घेतल्या: 'पाणी', 'आणखी', 'थांब' आणि 'ये'. त्या चार खुणांनी आमचा संध्याकाळचा वेळ बदलून गेला. ज्या घरी वेगळी भाषा बोलली जाते त्यांच्याबाबतीतही हेच करता येईल असे मला वाटते. त्यांच्या भाषेतला नमस्कार आणि त्यांच्या मुलाच्या नावाचा नेमका उच्चार शिकायला एक सकाळ पुरते.

निमंत्रणांबाबत माझी सर्वांना विनंती आहे की सगळ्या वर्गाला बोलावणार नसाल तर ती केंद्रात वाटू नका.

रानवाट

एक छोटा मुद्दा राहिला आहे. काही पालकांना मैत्री नको असते आणि तोही त्यांचा अधिकार आहे. पण मैत्री नसली तरी एकमेकांची नावे ठाऊक असावीत, कारण अडचणीच्या वेळी परक्या माणसाला हाक मारता येत नाही, नाव ठाऊक असलेल्याला मारता येते.

अंगणवेल (धागाकर्ती)

पाच आठवड्यांनी परत येते आहे. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि काही शिक्षिकांनाही वाचून दाखवले.

धागा लिहिल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्या मैत्रिणीच्या आईला थांबवून माझे नाव सांगितले. मी म्हटले, "आपल्या मुली रोज एकत्र असतात आणि मला तुमचे नाव माहीत नाही, याचे मला वाईट वाटते." ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिच्या मोबाइलमध्ये माझा क्रमांक वर्गाच्या यादीतून उतरवून ठेवलेला आहे, पण फोन करायला कारण सापडत नव्हते. गेल्या शनिवारी त्या दोघी आमच्याकडे आल्या. मुली तासभर खेळल्या, अर्धा तास भांडल्या, आणि आम्ही दोघी खाली बसून ठोकळे वेचत बोलत राहिलो. तिचे आई-वडीलही दूर राहतात. आम्ही दोघींनी केंद्राच्या अर्जात मुलीला नेण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत एकमेकींची नावे लिहिली आहेत.

पालकसभेत या वेळी खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. मी फक्त विचारले होते, शिक्षिकांनी लगेच होकार दिला. सुरुवातीला प्रत्येकाने स्वतःचे नाव सांगितले, मुलाचे नंतर. दोन आज्या आणि एक काकाही आले होते, त्यांना वेगळे बोलावणे पाठवले होते. सकाळी लवकर मूल सोडून जाणाऱ्या तीन पालकांपर्यंत मात्र आम्ही अजून पोहोचलेलो नाही. त्यांच्यासाठी वही सुरू करायची आहे, तेव्हा पाटीपेन्सिल, पहिली पाने तुमच्याकडे कोणी लिहिली होती? शिक्षिकांनी की पालकांनी?

पाटीपेन्सिल

पहिली पाने मी लिहिली होती. माझ्या घरात कोण आहे, मला कशाची भीती वाटते, आणि लहानपणी बालवाडीत सोडताना मी किती दिवस रडले, हे सगळे त्यात होते. दुसऱ्या आठवड्यात वही त्या तिघांपैकी एकाच्या घरी जाऊ द्या.